तिसऱ्या रविवारची हरकत

बाईंचा मी बत्तीस वर्षं मनापासून द्वेष केला आणि त्यात एकही रविवार खाडा केला नाही. उपासनेला वेळेवर जायचं, चौथ्या बाकावर बसायचं आणि दुसऱ्या बाकावरच्या त्यांच्या अंबाड्याकडे बघत राहायचं. पापकबुलीच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, मी उघडे ठेवायचे. देवाला माझं सगळं माहीत होतं, त्याला वेगळं सांगायची गरज मला वाटली नाही.

त्यांना आमच्या मंडळीत सगळेच बाई म्हणतात. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना शिकवलं, त्यात मीही होते. त्यामुळे राग एवढा असूनही त्यांच्याबद्दल तोंडातून एकेरी निघत नाही. मनातल्या मनात शिव्या देतानासुद्धा मी त्यांना अहो-जाहोच करत असे.

माझा सूड बारीकसारीक होता, पण नेमाचा होता. आमच्यात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात, त्यांनी तसं म्हटलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायचे. कापणीच्या सणाला लोक घरचं धान्य, भाजी, फळं चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. बाई दरवर्षी परसातला भोपळा आणायच्या. एका वर्षी मी तो चढ्या बोलीनं घेतला आणि त्यांच्यादेखत फाटकाबाहेरच्या शेळीपुढे फोडला. त्यांचे यजमान वारले तेव्हा मी कबरस्तानात गेले. माती द्यायला सगळे रांगेनं पुढे झाले, मीही मूठ भरून घेतली, आणि ती तशीच मिटलेली ठेवून बाहेर आले. रस्त्यावर येऊन हात झटकला. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

कारण सांगते. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात. त्याला बॅन्स म्हणतात. नावं वाचून झाली की पाळकसाहेब विचारतात, या विवाहाला कोणाची काही हरकत असेल तर कळवावं. कोणी काही कळवत नाही. पुढचं गीत सुरू होतं. मी चोवीस वर्षांची असताना माझ्या लग्नाची नावं अशी दोन रविवार वाचली गेली. मुलगा मोहोळचा होता, शाळेत चित्रकला शिकवायचा, बोलायचा कमी आणि हसायचा जास्त. तिसऱ्या रविवारी मी आकाशी साडी नेसून बसले आणि पाळकसाहेबांनी आमची नावं वाचलीच नाहीत.

बाईंनी हरकत कळवली होती. एसटी स्टँडमागच्या एका लॉजमधून भर दुपारी मला एका माणसाच्या कमरेला हात घालून बाहेर पडताना त्यांनी बघितलं होतं. माणसाच्या तोंडावर माझी ओढणी होती. यातला शब्द न् शब्द खरा होता. तो माणूस माझा थोरला भाऊ होता. दोन दिवस पिऊन तिथं पडला होता आणि लॉजवाल्यानं आमच्याकडे निरोप धाडला होता. आमच्याच लोकांच्या शाळेत तो नुकताच मास्तर म्हणून लागला होता, अजून कायम व्हायचा होता. तोंडावर ओढणी मीच टाकली होती, कोणी ओळखू नये म्हणून. बाईंनी नेमकं मला ओळखलं.

तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला बोलावून विचारलं, “कोण होता?” मी म्हटलं, सांगता येणार नाही. त्यांनी जे समजायचं ते समजलं. मोहोळहून साखरपुड्याची साडी परत मागायला माणूस आला. भाऊ रडला, म्हणाला, मी जाऊन खरं सांगतो. मी वाट बघितली. त्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नाही, पुढे मुख्याध्यापक झाला, आणि व्यसनमुक्तीच्या रविवारी मंडळीपुढे बोलायला त्यालाच उभं करायचे. माझं लग्न झालं नाही ते नाहीच. भावावर रागावून राहणं मला झेपलं नाही, तो घरचा होता, एका ताटात जेवलेला. त्याच्या वाटणीचा रागही मी बाईंवरच काढला.

भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको आणि मी आता एकत्र राहतो. सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. झेरॉक्सवालीला वाचता येतं हे लोक साफ विसरतात. कुणाची जन्मतारीख किती खोटी आहे, कुणाच्या जमिनीवर किती भावांच्या सह्या आहेत, कुणाच्या रिपोर्टमध्ये काय निघालंय, सगळं माझ्या काचेवर उघडं पडतं. मी कधी कुणाचं बाहेर काढलं नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता.

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी बाईंची नात दुकानात आली. एकुलती एक नात, बँकेत नोकरी, वागायला गोड. मला मावशी म्हणते. तिनं आधार कार्ड आणि एक कागद दिला, म्हणाली, “मावशी, पटकन एकेक कॉपी द्या, खाली गाडी नो पार्किंगमध्ये लावलीय.” कागद रजिस्टर लग्नाच्या अर्जाचं एक पान होतं. वर एका मुलाचा फोटो आणि नाव. नाव आमच्यातलं नव्हतं. खाली नातीची सही.

मी दोनाचं बटण दाबलं. एक प्रत तिला दिली, एक टोनरच्या खोक्याखाली सरकवली. कशासाठी ठेवली ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल.

त्याच आठवड्यात रविवारी पाळकसाहेबांनी चष्मा लावला आणि बॅन्स वाचले. बाईंच्या नातीचं नाव, आणि बार्शीच्या एका मुलाचं. मुलगा आमच्यातला, औषध कंपनीत नोकरीला. हा काही अर्जावरचा मुलगा नव्हता. बाई पाठ ताठ करून बसल्या होत्या. मी गीताचं पुस्तक मिटलं आणि हसले. खूप दिवसांनी चर्चमध्ये मला हसू आलं होतं, शेजारी बसलेल्या भावजयीनं वळून बघितलं.

हरकत त्याच दिवशी कळवता आली असती. पण मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. माझ्या वेळी दोन बॅन्स होऊन तिसऱ्याला घाव बसला होता, मग बाईंच्याही घरी तिसऱ्यालाच बसू दे. तोवर पत्रिका वाटून होतील, हॉल ठरेल, बार्शीची माणसं कपड्यांना मापं देतील. मी बोटांवर दिवस मोजायला लागले. दुकानात माणसं म्हणायची, “मावशी, लई खुशीत दिसता की.” मी म्हणायचे, हो, घरात लग्न आहे.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो नेमका दुसऱ्याचा न्याय करू नये यावर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, असं त्यांनी चांगलं खुलवून सांगितलं. मी मान डोलावली. माझी खात्री होती की हे सगळं ते बाईंना ऐकवतायत. चर्चमध्ये जेवढी माणसं होती त्या प्रत्येकाला त्या दिवशी दुसरंच कुणीतरी आठवलं असणार. उपदेशानंतर दुसरे बॅन्स झाले.

इथं माझा दम निघाला नाही. उपासनेनंतर अंगणात चहा असतो. महिला मंडळाच्या सेक्रेटरी माझ्याजवळ आल्या. भल्या बाई आहेत, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, “बाईची नात बरी उजवली की. सोन्यासारकी पोरगी हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “पोरगी चांगलीच आहे,” मी म्हटलं. “पण हल्लीच्या पोरींचं एक चर्चमध्ये असतं, एक रजिस्टर ऑफिसात. आपल्याला काय कळतंय?”

“म्हंजी? हिचं?”

“मी नाव घेतलं का कुणाचं?”

“न्हाय घेतलं,” त्या म्हणाल्या. “पर तुमी उगं बोलनाऱ्यातल्या न्हाईसा.”

तेच तर. बत्तीस वर्षं मी उगीच काही बोलले नव्हते, म्हणून माझ्या एका वाक्याला वजन होतं. मंगळवारपर्यंत चर्च कमिटीचे दोन पंच पाळकसाहेबांकडे जाऊन आले. रात्रीपर्यंत बार्शीला कुणीतरी फोन केला. मी घरी मजेत भाजी निवडत होते आणि भावजय मला हे सगळं येऊन सांगत होती. मी एवढंच म्हटलं, “अरेरे.”

बुधवारी दुपारी नात दुकानात आली. बरोबर तिच्याच वयाची एक मुलगी होती, सुजलेल्या डोळ्यांची, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली. नातीनं कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. “मावशी, रजिस्टर ऑफिसातल्या साहेबांनी सगळे परत पाठवले, फोटो पुसट आलेत म्हणे. पहिल्यापासून नीट काढून द्या.”

मी पहिलं पान काचेवर ठेवलं. मुलाचा फोटो, तोच. त्याच्याशेजारी मुलीचा फोटो होता, तो नातीचा नव्हता. तो त्या स्कार्फवालीचा होता. नाव तेलुगू घरातलं. मी एकेक पान काढत गेले. शेवटच्या पानावर वर पुन्हा एकट्या मुलाचा फोटो, खाली नातीची सही, आधार नंबर, आणि सहीच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं: साक्षीदार क्रमांक दोन. तीच सही, तेच पान. माझ्याजवळच्या प्रतीवरही ते शब्द होते. मी ते वाचलेच नव्हते. मला हवं तेवढंच मी वाचलं होतं.

मशीन चालू होतं तोवर नात हळूच म्हणाली, “मावशी, आमच्याबद्दल काय काय बोलतायत ते कानावर आलं असेल ना?”

मी म्हटलं, “थोडंफार.”

“मी कुणाला सांगूही शकत नाही. हिच्या भावांना कळलं तर हिला घरातून बाहेर पडू देणार नाहीत. आता नोटीस त्या ऑफिसच्या भिंतीवर लागेल, पण ती कोण वाचतंय? महिना गेला की झालं. तोवर गप्प बसायचं असं मी हिला वचन दिलंय.” मग तिनं मैत्रिणीचा हात दाबला. “आजीलासुद्धा सांगितलं नाही. आजी विचारते, मी म्हणते, सांगता येणार नाही.”

ते तीन शब्द मी बत्तीस वर्षांपूर्वी एका खुर्चीवर बसून म्हटले होते. पण मी काय केलं ते सांगते. मी कागद मोजून पिशवीत भरले, पिन मारली, आणि त्या दोघींना जाऊ दिलं. एक शब्द बोलले नाही. दोघी जिना उतरल्या तेव्हा माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी की, बाईंनी तरी कुठं खात्री करून घेतली होती? त्यांनी डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं. मीही डोळ्यांनीच बघितलं होतं. आता गप्प बसायचं एवढंच माझं काम. बाकीचं आपोआप होणार होतं.

गुरुवार गेला. शुक्रवारी बार्शीकडची मंडळी येऊन गेल्याचं कळलं, आवाज चढले म्हणे. शनिवारी मी दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर कपाट आवरलं. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. जास्त काय वाटत होतं ते विचारू नका.

रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, पाण्याची टाकी धुवायची म्हणून नळ बंद. मग त्यांनी कागद घडी केला आणि गीताचा क्रमांक सांगितला. बॅन्स नाहीत. चर्चमध्ये खाकरण्याचे आवाज झाले. बाईंचा अंबाडा जागचा हलला नाही. त्यांच्याशेजारी नात बसली होती, मान खाली, दोन्ही हात मांडीवर उलटे. मागून कोण बघतंय हे पाठीला कळतं. मला ते माहीत होतं, मी त्या बाकावर तशी बसलेली आहे.

पेटी वाजायला लागली आणि मी उभी राहिले. मला दया आली असं लिहिलं तर लोकांना बरं वाटेल. मला दया आली नव्हती. मला बाईंना दाखवायचं होतं. तुम्ही त्या वेळी काय करायला हवं होतं ते आता चारचौघांत बसून बघा, आणि माझ्या हातून घ्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“पाळकसाहेब,” मी म्हटलं, “तो फॉर्म माझ्या दुकानात आला होता. त्यावर बाईंच्या नातीचं नाव आहे ते साक्षीदार म्हणून. नवरी दुसरी आहे. कोण, ते मी सांगणार नाही आणि कुणी विचारू नये. मी अर्धा कागद वाचला, त्याची प्रत चोरून ठेवली, आणि बोलले ते मीच. बुधवारी मला खरं कळलं. आज रविवार आहे.”

पेटी बंद पडली होती. सेक्रेटरी बाई छताकडे बघत होत्या. नातीनं वळून माझ्याकडे बघितलं, तिचं तोंड उघडं होतं. बाई वळल्या नाहीत. पाळकसाहेबांनी घडी केलेला कागद उलगडला, चष्मा पुसला आणि तिसरे बॅन्स वाचले. कोणाची काही हरकत असेल तर, असं म्हणून ते नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले. मग आम्ही गीत म्हटलं. मी मोठ्यानं म्हटलं. सूडच होता तो, फक्त चर्चमध्ये शोभेल असा.

सोमवारी बाई दुकानात आल्या. जिना चढताना त्यांना तीनदा थांबावं लागलं, मला काठीचा आवाज येत होता. मी खाली जाऊन हात दिला नाही. त्या वर आल्या, स्टुलावर बसल्या, “सलाम” म्हणाल्या. या खेपेला शोधायला पर्स जवळ नव्हती. मी सलाम म्हटलं.

“बुधवारी कळलं आणि रविवारी बोललीस,” त्या म्हणाल्या. “चार दिवस.”

“हो.”

“ते मला टोचायला म्हणाली होतीस की खरंच चार दिवस लागले?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

त्यांनी काठी काउंटरला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, “लॉजमधला माणूस कोण होता ते मला पुढच्याच वर्षी कळलं. तुझा भाऊच आला होता माझ्याकडं. पायरीवर बसून रडला. म्हणाला, बाई, चूक माझी होती, बहिणीचं वाटोळं झालं. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता पाळकांकडे जाऊ. तर पाया पडला. नोकरी जाईल, सोयरीक बोलतायत ती मोडेल, हात जोडतो बाई, कुणाला सांगू नका. मी सांगितलं नाही. त्या मोहोळच्या मुलाचं तोवर दुसरीकडं झालं होतं. म्हटलं, आता सांगून काय व्हायचंय?”

बाई आणखी काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मला पायरीवर बसलेला भाऊ दिसत होता. तो बाईंना सांगू शकला. पाळकसाहेबांना नाही, मला नाही, बाईंना. आणि पुढची पंचवीस वर्षं मी त्याच्यासमोर बाईंना लाखोली वाहत होते तेव्हा तो मुकाट्यानं जेवत होता. एकदाही म्हणाला नाही की बस कर. उलट एकदा म्हणाला होता, जाऊ दे, सोड, देव बघून घेईल.

“तू माझ्यावर दात धरून आहेस हे मला दिसत होतं,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, धरू दे. न विचारता आधी बोलले ती मीच की. त्याला दिलेला शब्द मोडून तुझ्यासमोर चांगलं ठरायचं, हे काही मला बरं वाटेना.”

मला त्यांना क्षमा करायची इच्छा झाली नाही. राग होता तेवढाच होता, फक्त त्याला बसायला जागा राहिली नव्हती. मेलेल्या माणसाचा सूड कसा घेणार? मी म्हटलं, “तुम्ही पण रविवारी उभ्या राहा. माझी नावं वाचायची राहिली तिथंच.”

“राहते,” बाई म्हणाल्या. “त्याचं नाव घेऊ?”

मी तोंड उघडलं. घरी भावजय मुख्याध्यापकांची बायको म्हणून मान सांभाळून आहे. दर व्यसनमुक्तीच्या रविवारी ती उभी राहून साक्ष देते की माझ्या मालकांनी आयुष्यात कधी दारू शिवली नाही. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, तिचा तसा विश्वास आहे.

“नको,” मी म्हटलं.

रविवारी बाई उभ्या राहिल्या. नातीनं दंडाला धरलं होतं. आवाज बारीक झाला होता, पण वर्गातल्यासारखा स्पष्ट. म्हणाल्या, बत्तीस वर्षांपूर्वी मी हिच्याबद्दल पाळकांना जे बघितलं ते सांगितलं. बघितलं ते खरं होतं, मी लावलेला अर्थ खोटा होता. ही निर्दोष होती, आहे. मी हिला एका शब्दानं विचारलं असतं तर आज ही नातवंडांत बसली असती. मी हिची आणि देवाची क्षमा मागते. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला काय वाटलं? आनंद झाला. धडधडीत, पोटभर आनंद. पुढचं गीत संपेपर्यंत तो टिकला.

अंगणात चहा घेताना माझ्या पाठीमागे सेक्रेटरी बाई कुणाला तरी म्हणत होत्या, “ते समदं खरं. पर मग त्यो बाप्या कोन हुता म्हनायचा?” आवाज हळू होता, पण मला ऐकू जाईल इतपत.

घरी आल्यावर भावजयीनं तवा ठेवला. भाकरी थापताना तिची पाठ माझ्याकडे होती.

“वन्सं,” ती म्हणाली, “लॉजात कोन हुतं?”

“होता एक.”

“बाई म्हनल्या तुमचं काय चुकलं न्हाय. मग नाव सांगायला काय हाय?”

मी ताट घेतलं, पाण्याचे तांबे भरले. तिनं भाकरी उलटली, कडेनं दाबली आणि न वळता विचारलं, “ह्यांना म्हाईत हुतं का, त्यो कोन ते?”

“हो,” मी म्हटलं. “त्याला माहीत होतं.”

“मग हे का बोलले न्हाईत?”

एका शब्दाचं काम होतं. मी सहा वर्षं त्याच्यासाठी रडले, बत्तीस वर्षं त्याच्यासाठी गप्प बसले, आणि आता तो शब्द अगदी ओठांवर होता. गोडही वाटला असता. त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीपुढे. भावजय हात पिठात तसाच ठेवून थांबली होती.

“मीच त्याला शपथ घातली होती,” मी म्हटलं. “कुणाला सांगायचं नाही म्हणून.”

तिचे खांदे खाली आले. तिनं भाकरी काढून माझ्या ताटात टाकली, शेंगाची चटणी वाढली, वर तेल सोडलं.

“तरीच,” ती म्हणाली. “न्हाईतर आपल्या भनीवर आळ आलेला बघून आमचं हे गप बसनारे न्हवते.”

मी भाकरी मोडली. म्हटलं, हो, गप्प बसणाऱ्यातला नव्हताच तो.